फोनवर ‘हो हो’ म्हणणारे बाबा

‘माझी मुलगी सहा वर्षांची आहे. शाळेत बाईंनी विचारलं, तुमचे आईबाबा काय काम करतात? हिनं उभं राहून सांगितलं, “आई लोकांचं रक्त बघते पण घरी आणत नाही, आणि बाबा फोनवर हो हो म्हणतात.” माझी बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मी ऑडिटच्या कामात, निम्मे दिवस घरून. सगळे हसले, मीही हसलो, पण जरा लागलंच. म्हणून निरनिराळ्या व्यवसायांची ओळख करून देणारा बारा चित्रपुस्तकांचा संच आणला. दहा मिनिटांत तिनं सगळी पुस्तकं चाळली आणि दुपारपर्यंत त्यांचा पूल करून त्यावरून बाहुली चालवली. माझे मोठे भाऊ म्हणतात, या वयात कसलं करिअरचं खूळ, खेळू दे तिला. हे खरंच लवकर होतंय का? आणि पुस्तकं आणायची तर कुठली?’
– एक बाबा

नमस्कार बाबा,

पत्र वाचून आधी भरपूर हसले आणि मग तुमच्या मुलीची बाजू घ्यायची ठरवली. तिचं काहीच चुकलेलं नाही. तिनं जेवढं पाहिलं तेवढं सांगितलं, आणि सगळं क्रियापदांत सांगितलं. बघते, आणत नाही, म्हणतात. ‘माझे बाबा ऑडिटर आहेत’ असं ती म्हणाली असती तर बाई खूश झाल्या असत्या, पण त्या शब्दाखाली तिच्या मनात काहीच नसतं. आत्ता निदान एक फोन तरी आहे.

पुस्तकांचा पूल झाला याचंही मला नवल नाही. मुलांच्या ग्रंथालयात काउंटरमागे बरीच वर्षं काढली आहेत, असे संच पुष्कळ हाताळलेत. एका पानावर पांढरा कोट घातलेला हसरा माणूस, गळ्यात स्टेथोस्कोप, खाली ओळ: हे डॉक्टर आहेत, ते आपल्याला बरं करतात. पान उलटलं की तेच हसू, फक्त कपडे बदललेले आणि डोक्यावर टोपी. तिसऱ्या पानावर हेल्मेट. ही पोशाखांची ओळख झाली. काम त्यात कुठेच नाही. कुणी वाकलेलं नाही, कुणाचं काही सांडलेलं नाही, कुणी कुणाची वाट बघत नाही. मूल एकदा बघतं, नाव पाठ करतं, मग पुन्हा ते पान उघडायचं कशाला? तुमच्या मुलीनं त्या पुस्तकांना दिलेली दहा मिनिटं मला उदारच वाटतात.

तेव्हा पुस्तक निवडताना दुकानात उभ्या उभ्या एक करून बघा. मजकुरावर हात ठेवा आणि नुसती चित्रं बघा. आधी काय झालं, मग काय झालं, हे चित्रांवरून सांगता येतं का? येत असेल तर पुस्तक घ्यायच्या लायकीचं आहे. अग्निशमन दलाचं पुस्तक घ्या. बहुतेकांत लाल गाडी, ज्वाळा आणि शिडीवरचा वीर. पण त्या लोकांच्या दिवसातला मोठा भाग आग नसतानाचा असतो: गाडी तपासणं, सराव, आणि वापरलेले होज धुऊन वाळवणं. ते लांबलचक पाइप वाळत घालायला काही केंद्रांत उंच मनोराच बांधलेला असतो. ज्या चित्रकारानं तो मनोरा आणि त्यातून लोंबणारे ओले पाइप काढलेत, तो तिथं जाऊन आलेला आहे असं खुशाल समजा. मूलही ते ओळखतं. ज्वाळांच्या पानावर ते ‘बापरे’ म्हणतं आणि पुढं जातं. पाइपांच्या पानावर थांबून विचारतं, ‘हे का टांगलेत?’ मला त्या ‘का’वाली पुस्तकं हवी असतात.

यात नवं काही नाही. १६५८ साली योहान आमोस कोमेनियस नावाच्या शिक्षकानं मुलांसाठी ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ हे पुस्तक काढलं. मुलांसाठी मुद्दाम केलेलं पहिलं चित्रपुस्तक म्हणून त्याचंच नाव सर्रास घेतलं जातं. लॅटिन आणि जर्मन मजकूर, दीडशे विषय, प्रत्येकाला चित्र. त्यात शिंपी, चांभार, सुतार, लोहार, न्हावी, छापखाना असे कितीतरी धंदे आहेत. खुबी अशी की चित्रातल्या वस्तूंवर बारीक आकडे घातलेत आणि तेच आकडे खालच्या वाक्यात आहेत. छापखान्याच्या पानावर खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवणारा खणांच्या पेटीतून एकेक अक्षर उचलतो, त्याचे शब्द जुळवतो, मग शाई, मग कागद, मग दाब. पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या मुलाला त्या एका पानावरून छापणं म्हणजे काय हे कळत होतं. तुमच्या संचात मुद्रक असेल तर बहुधा तो हातात वर्तमानपत्र धरून हसत असेल.

दुसरी पारख: पानावर माणसं किती? एकटा माणूस आणि त्याचा व्यवसाय, अशी मांडणी असली की मुलाला वाटतं, डॉक्टर हा एकट्यानं करायचा खेळ आहे. प्रत्यक्षात एका तपासणीमागे सुई टोचणारी, नळीवर नाव चिकटवणारी, मशीन लावणारी, रिपोर्ट टाइप करणारा आणि रात्री फरशी पुसणारी अशी रांग असते. तुमच्या बायकोला विचारा, त्या रांगेतला एक माणूस आला नाही की काय होतं ते. गर्दीची, बारीक तपशिलांची, एकाच पानावर पूर्ण इमारत उभी कापून आतले मजले दाखवणारी पुस्तकं मला म्हणूनच आवडतात. तळघरात बॉयलर, वरती स्वयंपाकघर, मधे लिफ्ट अडकलेली. अशा पुस्तकात मूल महिनाभर राहतं. प्राणी कपडे घालून काम करत असले तरी माझी हरकत नाही. डुक्कर प्लंबर असेल तर असो, पण पान्यानं नट फिरवताना दिसलं पाहिजे.

यंत्रांची पुस्तकंही याच कामाला येतात, फक्त यंत्र चालवणाऱ्याकडे बोट न्यायचं. क्रेन मुलांना आवडतेच. तिच्या उंच केबिनमधला माणूस दाखवा आणि गप्प बसा. मी किती मुलांबरोबर ते पान पाहिलं असेल याची गणती नाही, आणि बहुतेक वेळा फिरून तोच प्रश्न येतो: ‘याला शू लागली तर?’ मोठी माणसं इथं हसून पान उलटतात. उलटू नका. एवढी शिडी चढून गेलेला माणूस वारंवार खाली उतरू शकत नाही, त्याला तास न् तास वरच बसावं लागतं, खालचा माणूस त्याला वायरलेसवर सांगत राहतो की डावीकडे, अजून थोडं, थांब. कामाची जागा माणसाच्या शरीराला काय करायला लावते, हे त्या एका प्रश्नातून तिला कळतं.

आता वाचायचं कसं. ‘हे कोण?’ ‘पोलीस.’ ‘शाब्बास. आणि हे?’ ही तोंडी परीक्षा बंद करा. १९८८ साली मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकांना वाचायची वेगळी रीत शिकवून बघितली: मोठ्यानं हळूहळू श्रोता व्हायचं आणि मुलाला सांगणारा करायचं. हो-नाहीत उत्तर संपणारे प्रश्न कमी, मोकळे प्रश्न जास्त, आणि मुलानं सांगितलेलं थोडं वाढवून परत त्याला द्यायचं. महिनाभरातच त्या मुलांचं बोलणं इतर मुलांच्या पुढे गेलेलं दिसलं. व्यवसायांच्या पुस्तकांना ही रीत फार जमते. ‘हिच्या हातात काय आहे?’ ‘हे चुकलं तर काय होईल?’ ‘कोपऱ्यातला माणूस कुणाची वाट बघतोय?’ ती म्हणेल, ‘तो लिफ्टवाल्याची वाट बघतोय.’ तुम्ही म्हणा, ‘हो, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बाई आल्या की मग तो वर जाणार.’ बास. एका बैठकीत एक पान झालं तरी पुष्कळ.

मी वरच्या वाक्यात मुद्दाम ‘बाई आल्या’ म्हटलं. इथं मला जरा रेंगाळायचं आहे, कारण ही गोष्ट आपल्या भाषेत जितकी दडून बसते तितकी दुसरीकडे नसेल.

आपण मोठ्यानं वाचतो तेव्हा मराठीचं क्रियापद बऱ्याचदा दोन गोष्टी सांगत असतं: माणूस पुरुष की बाई, आणि आपण त्याला मान देतो की नाही. स्वतःचं वाचन एकदा रेकॉर्ड करून ऐका. डॉक्टर तपासतात. वकील बोलतात. वैमानिक विमान उडवतात. आणि मग? झाडणारा झाडतो. हमाल उचलतो. गवंडी भिंत बांधतो. छापील मजकुरात नसलं तरी चित्र बघून बोलताना आपण हेच करतो, न ठरवता. ‘तात’ आणि ‘तो’ यांच्यामधलं अंतर मूल कुणी न सांगता टिपतं. कुठलं काम वरचं आणि कुठलं खालचं, याचा पहिला धडा त्याला शेवटच्या अक्षरात मिळतो. एक आई मला म्हणाली होती, ‘आम्ही मुलांना सांगतो ना, सगळी कामं सारखीच.’ सांगत असतीलही. पण त्याच दमात ‘कचरेवाला आला’ आणि ‘इंजिनिअर आले’ म्हणत असतील तर मूल यातलं दुसरंच ऐकणार. उपाय सोपा आहे. सगळ्यांना ‘तात’ लावा, नाहीतर सगळ्यांना ‘तो’ आणि ‘ती’. मी घरी दुसरं करायचे, कारण ‘डॉक्टर आली, तिनं बूट काढले’ असं म्हटलं की डॉक्टर माणसात येते.

बाई-पुरुषाचंही तसंच. चित्रात हेल्मेटखाली चेहरा दिसत नसेल तर तोंडातून ‘तो’च जातो, माझ्याही जातो. अधूनमधून ‘ती’ म्हणा. मुलगी म्हणेल, ‘नाही, तो आहे.’ मग विचारा, ‘तुला कशावरून कळलं?’ आणि तिला शोधू द्या.

यातच तुमच्या भावांना द्यायचं उत्तर आहे. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ४,८०७ मुलांना ‘शास्त्रज्ञाचं चित्र काढा’ एवढंच सांगितलं होतं. बाई शास्त्रज्ञ फक्त २८ चित्रांत निघाली, आणि ती अठ्ठावीसही चित्रं मुलींनी काढलेली होती. पुढच्या दशकांतली अमेरिकी मुलांची अशी हजारो चित्रं एकत्र करून २०१८ मध्ये पुन्हा पाहिलं तेव्हा बायकांचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांपर्यंत वाढलेलं होतं. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पाच-सहा वर्षांची मुलं बाई आणि पुरुष साधारण बरोबरीनं काढत होती, आणि वय वाढत गेलं तशी चित्रांतली बाई कमी होत गेली. मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांनीही १९८१ मध्ये मांडलं होतं की सहा ते आठच्या सुमारास मुलं ‘हे मुलांचं काम, हे मुलींचं’ अशी छाटणी सुरू करतात, आणि नवाच्या पुढे ‘हे प्रतिष्ठेचं, हे नाही’ अशी. म्हणजे दारं बंद व्हायला लागायच्या जरा आधी तुमची मुलगी उभी आहे. भाऊ म्हणतात ते एका अर्थी खरंच आहे, करिअरचं काही काढू नका. ‘मोठेपणी कोण होणार?’ हा प्रश्न पुस्तकाच्या आसपासही नको. तो विचारला की मूल पुस्तक सोडून आपल्या चेहऱ्याकडे बघतं, कुठलं उत्तर आवडेल म्हणून. पण जगात लोक दिवसभर काय करतात हे बघणं म्हणजे खेळच. तिच्या बाहुलीच्या पुलाला कुणी इंजिनिअर मिळाला तर बाहुलीलाही बरं.

आता तुम्हाला लागलं होतं त्याबद्दल. ‘हो हो’चं पुस्तक दुकानात मिळणार नाही. ऑडिटवर चित्रपुस्तक काढायला कुणी धजावलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. ते तुम्हालाच करावं लागेल, आणि रविवारच्या एका दुपारचं काम आहे. दोन कोरे कागद मधोमध दुमडून एकात एक घाला, घडीवर दोन स्टेपल मारा. मुखपृष्ठ धरून आठ पानं झाली. चित्रं तिची, शब्द तुमचे, आणि चित्र दुरुस्त करायला हात पुढे करायचा नाही.

आईच्या पुस्तकापासून सुरुवात करा, कारण ते सोपं आणि देखणं आहे. नळी येते. नळीवर नाव असतं. आई आधी नाव तपासते, कारण नाव चुकलं तर एकाचं दुखणं दुसऱ्याच्या कागदावर जातं. मग नळी गोल फिरणाऱ्या मशीनमध्ये जाते, गरगर, गरगर. बाहेर काढली की लाल भाग खाली बसलेला आणि वर पिवळसर पाणी. हे पान तिला लाल आणि पिवळा खडू देऊन स्वतंत्र काढू द्या. ‘लाल खाली का गेलं?’ असं विचारेल. जड होतं म्हणून. एवढं उत्तर सहाव्या वर्षी पुरतं. शेवटी आई हातमोजे काढते, हात धुते आणि घरी येते. ‘घरी आणत नाही’ याचं कारण त्या पानावर आपोआप येतं.

तुमचं पुस्तक अवघड, पण अशक्य नाही. एका दुकानदारानं म्हटलं, मी इतकं विकलं. त्याच्या वहीत तसं आहे का? बिलांच्या गठ्ठ्यात तसं आहे का? बाबा दोन्ही समोर ठेवतात आणि जुळलं की टिक करतात. टिक, टिक, टिक, आणि एका ठिकाणी टिक होत नाही. वहीत ५४, बिलावर ४५. कुणीतरी आकडे उलटे लिहिले! (फरक नवानं निःशेष भागला जात असेल तर आधी उलटापालट शोधायची, ही तुमच्या धंद्यातली जुनी खूण. सहाव्या वर्षी भागाकार येत नाही, पण उलटे आकडे शोधण्यात या वयाची मुलं पटाईत असतात. नुकताच स्वतः तो घोळ घालून झालेला असतो.) मग बाबा फोन करतात. पलीकडचा माणूस बिलं वाचून दाखवतो आणि बाबा एकेक जुळवत म्हणतात…

ते वाक्य तिला पूर्ण करू द्या.

जमलं तर नंतर दोघांच्या कामाच्या जागी एकदा घेऊन जा. लॅबमध्ये आत नेणं बरोबर नाही, पण काचेबाहेरून दहा मिनिटं चालतील. तिथं गेल्यावर भाषण करू नका, एकच गोष्ट शोधायला सांगा: आपल्या पुस्तकातलं गोल फिरणारं मशीन कुठाय? परत आल्यावर पुस्तक पुन्हा उघडा. ग्रंथालयात एक मुलगा गॅरेजचं पुस्तक परत करताना मला अगदी तक्रारीच्या सुरात म्हणाला होता, ‘यात जमिनीवर तेल सांडलेलंच नाही.’ त्याच्या मामाचं गॅरेज होतं. त्या लेखकाला मी ते कळवायला हवं होतं, राहून गेलं.

एक प्रश्न मधेच कधीतरी येईल, त्याची तयारी ठेवा: ‘बाबा, तुला हे काम आवडतं का?’ खरं सांगा. कुठला भाग आवडतो, कुठला कंटाळवाणा, कुठल्या दिवशी डोकं दुखतं. पुस्तकातली सगळी माणसं हसत असतात, तेव्हा घरात एक न हसणारं पान असलेलं बरं. आणि घरात पगाराशिवाय दिवसभर राबणारं कुणी असेल, आजी, आजोबा, कुणीही, तर त्यांचंही आठ पानांचं पुस्तक होतं. संचात ते कधीच नसतं.

आणलेले बारा भाग परत करू नका. पूल चांगला झालाय. शिवाय महिनाभरानं त्यातलं डॉक्टरांचं पुस्तक काढून तिला विचारा, यात काय काय काढायचं राहिलंय? पेन्सिल द्या हातात. पुस्तकावर रेघोट्या मारायला मी, एके काळची ग्रंथपाल, परवानगी देतेय, हे बायकोलाही दाखवून ठेवा.

तुमच्या ‘हो हो’च्या पानावर मात्र फोनच्या पलीकडचा माणूस काढायला तिला आठवण करा. त्याच्या समोर बिलांचा केवढा गठ्ठा आहे ते तिलाच ठरवू दे.